अ‍ॅडजस्टचं नॉर्वेजियन

नाव : मुनाफ हुसेन करबेलकर. वय : सहासष्ट. राहणार : महाड, जिल्हा रायगड. शिक्षण : नववी नापास. पूर्वीचा व्यवसाय : परदेशी जहाजावर दुय्यम आचारी. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर तेलाने भाजल्याचा डाग. अवगत भाषा : मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी (कामापुरती), नॉर्वेजियन (उत्तम). नेमणुकीचे पद : भाषातज्ज्ञ, दरडप्रवण वस्ती पूर्वसूचना प्रकल्प, तालुका पोलादपूर. नेमणुकीस हरकत : नाही.

शेवटचा रकाना चुकला होता. हरकत होती, आणि ती खुद्द मुनाफची होती. डोंगर, सरकारी जीप, सकाळी उठणे आणि माणसे या चार गोष्टी त्याला आवडत नसत, आणि या नेमणुकीत चारही होत्या. पण रकाना भरणाऱ्या बाईंनी त्याला विचारले नव्हते. ‘उत्तम’ हा शब्दही त्यांचाच. तो तपासून पाहायचा तर दोन्ही तालुक्यांत नॉर्वेजियन येणारा एकच माणूस होता, आणि त्याचेच नाव रकान्यात होते.

मुनाफचे नॉर्वेजियन एका माणसाकडून आलेले होते. केमिकल वाहणाऱ्या एका नॉर्वेजियन बोटीवर आर्ने नावाचा मुख्य आचारी होता. देशाच्या पार उत्तरेचा, जिथे म्हणे हिवाळ्यात सूर्य उगवायचा कंटाळा करतो. आर्नेही बोलायचा कंटाळा करी. बोलला तर शिवी देई. मुनाफची सगळी जवानी या माणसाच्या शेजारी कांदे कापण्यात गेली. परिणामी बाजूला हो, झाकण लाव, जळलं, कुणी केलं, पुस, तोंड बंद ठेव, मर तिकडे, एवढे नॉर्वेजियन त्याला आर्नेच्या तोडीचे येत होते. आभाराचा शब्दही माहीत होता, पण तो वापरात असलेला त्याने ऐकला नव्हता.

बोट सुटली, शिव्या राहिल्या. महाडात त्याच्या घराला नॉर्वेवाल्याचं घर म्हणतात. चवदार तळ्याजवळच्या हॉटेलात तो चहा पितो आणि चहा वाईट आहे हे रोज नव्याने सांगतो. एका परदेशी संस्थेला नॉर्वेजियन जाणणारा माणूस हवा आहे ही बातमी त्या हॉटेलवाल्यानेच त्याच्या घरी पोचवली. चांगल्या हेतूने नव्हे. निदान आठवड्यातले काही दिवस तरी गिऱ्हाईक टळेल म्हणून.

“जा,” नुरजहाँ म्हणाली. “घरात बसून मला शिव्या देण्यापेक्षा डोंगराला द्या.”

“मी तुला शिव्या देत नाही.”

“नॉर्वेजियनमध्ये देता. कळत नसल्या तरी ऐकू येतात.”

मुनाफ गेला. बायकोशी वाद घालण्यापेक्षा डोंगर चढणे सोपे, एवढाच त्यात प्रकल्पाचा विचार होता.

प्रकल्प असा. कशेडीच्या अंगाला, हमरस्त्यापासून बरीच आत, उतेकरांची एक वाडी आहे. वाडीच्या डोक्यावरचा डोंगर गेली काही वर्षे पावसाळ्यात थोडाथोडा खाली यायला लागला होता. नॉर्वेतून तोरिल नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांच्याकडे डोंगरात रोवायचे खुंट होते. डोंगर हलला की खुंटाला कळते, खुंटाची तार सगळ्यांत वरच्या घरातल्या डब्याला जोडलेली असते, डबा वाजतो. पुढचे काम माणसांचे. वरच्या घराने खालच्या घराला नावाने हाक मारायची, त्याने त्याच्या खालच्याला, आणि असे करत वाडी रिकामी करायची. भोंगा का नको, तर तोरिलबाईंचा अनुभव होता की भोंगा ऐकून माणूस कूस बदलतो. नावाने हाक मारली तर उठतो.

तोरिलबाईंना इंग्रजी येत होते, पुण्याहून आलेल्या समन्वयक राजनंदिनीला तर फारच येत होते. तरीही मुनाफ हवा होता. कारण नॉर्वेतल्या पैसे देणाऱ्यांचा नियम : गावकऱ्यांचे म्हणणे सरळ नॉर्वेजियनमध्ये उतरले पाहिजे, मध्ये इंग्रजी नको. इंग्रजीतून गेलेले म्हणणे फार गुळगुळीत होऊन पोचते, अशी त्यांची तक्रार होती.

पोलादपूरहून जीप निघाली तीच भरून. प्रकल्पाची जीप होती, पण चालवणारा भिकू वाडीतलाच. वाटेत दिसेल त्याला तो आत घेत होता आणि प्रत्येक वेळी मागे वळून म्हणत होता, “जरा अ‍ॅडजस्ट करा.” तोरिलबाईंनी मांडीवर कुणाची तरी तांदळाची गोण घेऊन विचारले, हा इंग्रजी शब्द आहे, पण मला समजत नाही, याचे आमच्या भाषेत काय?

“फ्लुत्त दाय,” मुनाफ म्हणाला. म्हणजे सरक. आर्ने हे कोपराने ढोसत म्हणे. मुनाफने तेही करून दाखवले.

बाईंनी टिपून घेतले. खिंडीत रस्ता खचला होता, तिथे भिकू म्हणाला, ठेकेदाराने अ‍ॅडजस्ट केलं. बाईंनी पुन्हा पाहिले. “स्मोरे,” मुनाफने तोंड वाकडे करत सांगितले. भांड्याला तेल चोपडणे. मागच्या सीटवरची एक बाई दुसरीला सांगत होती, पोरीचा नवरा पितो, पण करते बिचारी अ‍ॅडजस्ट. त्याला मुनाफने “तोले” दिले, सोसणे, आणि वर पुटपुटला की पोरगी मूर्ख आहे. तेही बाईंनी लिहिले.

“तुम्ही भाषांतर करा चाचा, मत नको,” राजनंदिनी म्हणाली.

“मत फुकट आहे.”

वाडीत देवळाच्या सभामंडपात बैठक होती. गावकीचे अध्यक्ष भागोजी उतेकर खांबाला टेकून मधोमध बसले होते, बाकीचे घराच्या मानाप्रमाणे. चहा आला. सगळ्यांना दिला. मंडपाच्या बाहेर फणसाखाली एक साठीची बाई गडग्यावर बसली होती, तिच्या अंगावरून ट्रे तसाच परत गेला. तोरिलबाई उठल्या आणि आपला कप तिला नेऊन दिला. मंडपातल्या सगळ्यांनी एकाच वेळी छपराची कौले बघायला घेतली.

“नको,” ती बाई म्हणाली. “दुसऱ्याच्या वाटचा कशाला?”

ती ठकूबाई. भागोजींच्या चुलतभावाची विधवा. देवळाची सहाण, म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा, वाढवायची म्हणून गावकीने तिची नाचणीची पट्टी मागितली होती आणि ती नाही म्हणाली होती. त्याला तीन वर्षे झाली. तेव्हापासून तिच्याशी कुणी बोलत नाही, तिच्या हातचे घेत नाही, तिच्या हाकेला ओ देत नाही. होळीची पालखी तिच्या दारावरून न थांबता जाते.

“म्हणजे वाळीत टाकलंय,” मुनाफ मोठ्याने म्हणाला.

राजनंदिनी त्याच्या कानाशी वाकली. “चाचा, तो शब्द नको. तो गुन्हा आहे.”

“टाकणं, की म्हणणं?”

“अहवालात दोन्ही नकोत.”

भागोजींनी घसा साफ केला. “मुनाफभाय, वरच्या घराला सांगा, बाई खुंट घेऊन आल्यात, तर त्यांच्या पट्टीच्या बाजूनं वाट द्या म्हणावं.”

मुनाफने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. फणस मंडपापासून दहा पावलांवर असेल. “ती समोर बसल्ये. तिला कान आहेत.”

“हायत. आमाला तोंड नाय.”

तेव्हा मुनाफच्या लक्षात आले की आपल्याला इथे दोन नोकऱ्या आहेत. वाडीतला प्रत्येक माणूस उतेकर, प्रत्येकावर गावकीचा नियम. राजनंदिनीला प्रकल्पाने तटस्थ राहायला सांगितलेले. उरला महाडचा आचारी.

“ठकूबाई,” तो ओरडला, “भागोजी म्हणतो वाट दे.”

“ऐकलं. बहिरी नाय मी. त्याला सांग, वाट हायच. तीन वर्सांत कोण चालला नाय म्हणून गवत वाढलंय.”

मुनाफ भागोजींकडे वळला. “ऐकलंस?”

भागोजी त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मुनाफने पूर्ण वाक्य पुन्हा म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. “बरं झालं सांगितलंत.”

अशी तासभर बैठक चालली. मराठीचे मराठीत भाषांतर करता करता मुनाफचा आवाज बसला. तोरिलबाईंनी विचारले, तुम्ही दोन्ही बाजूंना तेच तेच का सांगता? “ते बोलत नाहीत,” मुनाफने नॉर्वेजियनमध्ये सांगितले. पण मला तर ऐकू येतंय, बाई म्हणाल्या. “हो,” मुनाफ म्हणाला, “त्यांनाही येतं.”

मग हाकांच्या साखळीचा प्रश्न आला. भागोजींनी नावे सांगितली : डबा आपल्या घरी, तिथून हाक रामाच्या घरी, तिथून भिकूच्या, तिथून खाली. तोरिलबाईंनी कागदावर घरे मांडली आणि वाडीच्या सगळ्यांत वरच्या टोकाला, डोंगराला लागून, एक घर उरले. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, या घराला हाक कोण मारणार?

ठकूबाई गडग्यावरून एकेका तोंडाकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, पण उत्तर तिला ऐकायचे होते, हे फणसालाही कळले असते.

“करू काय तरी अ‍ॅडजस्ट,” भागोजी म्हणाले.

तोरिलबाईंनी पेन उचलले. मुनाफ म्हणाला, “इंगेन.”

राजनंदिनीने बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखले. “काय सांगितलंत?”

“कुणी नाही.”

“ते असं म्हणाले नाहीत. ‘गावकरी यातून मार्ग काढतील’ असं सांगा.”

“मार्ग काढायचं नॉर्वेजियन मला येत नाही. आर्नेने कधी काढला नाही.”

यात ठकूबाईचा कळवळा होता असे कुणी समजू नये. जेवणाची वेळ टळून गेली होती, चहात साखर ओतलेली होती आणि कुणीतरी मुनाफला त्याचे काम शिकवत होते. तेवढ्या कारणाने त्याने याआधी बोटीवर एका इंजिनियरला सूप नाकारले होते.

तोरिलबाई उठल्या आणि डोंगर बघायला गेल्या. परत आल्या त्या तार घेऊन. तार मधल्या ओढ्यापलीकडे नेता येणार नाही, त्या म्हणाल्या. डबा भागोजींच्या घरी पोचत नाही. सगळ्यांत वरचे घर एकच आहे. डबा तिथेच बसेल आणि पहिली हाक तिथूनच येईल.

मुनाफने हे मराठीत सांगितले. ते मंडपात पोचायला थोडा वेळ लागला.

“म्हंजी,” भिकू म्हणाला, “ती आपल्याला उठवणार?”

“त्या घराची हाक आमाला घेता येत नाय,” भागोजी म्हणाले. रागाने नव्हे, एखादा मनुष्य मासे खात नाही तसे.

फणसाखाली ठकूबाई हसली. मोठ्याने, पदर न लावता.

“मुनाफभाय,” ती म्हणाली, “त्याला सांग, मी त्याची वैनी. लग्नात त्याच्या अंगाला हळद मी लावली. माज्या अंगणात ये म्हणावं, नावानं हाक मार, आन् तोंडानं इचार, वैनी, आमाला उठवशील काय. इचारलं की उठवीन. कुत्र्यासकट उठवीन.”

मुनाफने सगळे सांगितले, कुत्र्यासकट. भागोजींचे कान लाल झाले. विचारायचे म्हणजे बोलायचे. अध्यक्षच बोलला म्हणजे तीन वर्षांचा नियम मोडला, आणि मुंबईच्या मंडळाला विचारल्याशिवाय गावकीला नियम मोडता येत नाही. वाडीतली निम्मी माणसे मुंबईत. देवळाचे छप्पर त्यांचे, स्पीकर त्यांचा, शेवटचा शब्दही त्यांचाच.

“वरच्या घराला सांगा,” भागोजी अखेर म्हणाले, “येवढं अ‍ॅडजस्ट करा.”

“आणि हे?” तोरिलबाईंनी विचारले.

मुनाफने विचार केला. त्याच्याकडचे तीन शब्द त्याने प्रथमच एका वाक्यात जोडले. फ्लुत्त दाय, हॉल शेफ्त, आणि आम्हाला वाचव. सरक, तोंड बंद ठेव, आणि आम्हाला वाचव. बाईंनी लिहिले, लिहिलेले वाचले, आणि पेनाचे टोपण लावले.

डबा ठेवायचे तोरिलबाईंनी स्वतः जाऊन विचारले. ठकूबाईने भिंतीवरचा आरसा काढून जागा दिली. “तू तोंडानं इचारलंस, म्हणून डबा ठेव,” ती म्हणाली. “हाकेचं त्यांच्यावर.” मुनाफने हे भाषांतर करताना दारात उभे राहून तिच्या घरचे पाणी मागितले. तीन वर्षांत पहिल्यांदा मागणारा माणूस बघून तिने तांब्या घासायला घेतला, आणि मुनाफ म्हणाला, घासत काय बसलीस, तहान आत्ता लागल्ये. ती म्हणाली, तहान लागली तर थांब. दोघांचे चांगले जमले असते, पण दोघांनाही तशी सवय नव्हती.

मे महिन्यात चाकरमानी वाडीत आले तेव्हा पुन्हा बैठक झाली. तोरिलबाई परत गेल्या होत्या. मुनाफने ठराव ऐकून फोनवर सांगायचा, असे ठरले होते. मंडपात खुर्च्या आल्या होत्या. मंडळाचे चिटणीस मुलुंडला एका पतपेढीत होते आणि त्यांना शासकीय मराठी अंगात आल्यासारखे येत असे. फणसाखाली ठकूबाई आधीच येऊन बसली होती. या वेळी तिने नेसायला नवे लुगडे काढले होते. तिला विचारायला येतील असे तिला वाटत होते, हे लुगड्यावरून दिसत होते, आणि मुनाफला ते बघवेना म्हणून त्याने पाठ फिरवली.

चर्चा जोरात झाली. डोंगराविषयी फार नव्हे. एकदा बोललो की सहाणेसाठीची मागणी सोडली असे होईल काय, यावर झाली. एक तरुण चाकरमानी म्हणाला, सरळ सॉरी बोलून टाका ना, मॅटर क्लोज. त्याला बसवण्यात आले. मग चिटणिसांना सुचले. सगळे थोडे थोडे हसले, आणि ठराव वाचला गेला :

“सदर यंत्रणेच्या कामी, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, वरच्या घरातून मारण्यात आलेली हाक ही बोलणे समजण्यात येणार नाही. तसेच सदर हाकेस दिलेली ओ ही गावकीच्या नियमाचा भंग धरली जाणार नाही. इतर बाबतीत नियम पूर्ववत. सर्वानुमते.”

टाळ्या वाजल्या. ठकूबाई उठून उभी राहिली.

“मुनाफभाय, इचार त्यांना. मला इचारायला कोण येतो?”

मुनाफने विचारले.

“ठराव झाला ना,” भागोजी म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, पण मुनाफकडेही बघत नव्हते.

“ठराव झाला म्हणतो,” मुनाफने सांगितले.

“कागूद माज्या अंगणात येऊन वैनी म्हणतो काय?”

मुनाफ भागोजींकडे वळला. भागोजी वाट बघत होते, वाक्य पुन्हा येण्याची. मुनाफने ते म्हटले नाही. तीन वर्षांचा नियम पाळणाऱ्या माणसाला दहा पावलांवरून एक वाक्य ऐकू आले असेल तर असू दे, एवढा विचार त्याने केला, आणि नॉर्वेजियनमधला मर तिकडे कुणाला उद्देशून आहे हे न सांगता मंडपाला दिला.

ठकूबाई पायवाटेने वर निघून गेली.

मुनाफने तोरिलबाईंना फोन लावला. ठराव त्याने आर्नेच्या भाषेत सांगितला : चार महिने ती ओरडेल. आम्ही पळू. मग ती परत तोंड बंद ठेवेल. मग बाईंनी विचारले, ठरावात खरंच असं लिहिलंय? मुनाफ म्हणाला, लिहिलंय जास्त चांगलं. बाईंनी विचारले, आणि ती बाई काय म्हणाली? मुनाफने सांगितले. बाई म्हणाल्या, मग कुणीतरी जाऊन तिला विचारायला हवं ना. मुनाफ म्हणाला, हवं.

त्याने राजनंदिनीला तेच सांगितले. ती दमली होती. तिला त्याच दिवशी पुण्याला पोचायचे होते. “चाचा, लेखी संमती आली आहे. पुढच्या वर्षी बघू, सध्या अ‍ॅडजस्ट करू.” मुनाफने याचे भाषांतर कुणाला सांगितले नाही. कुणी विचारले नाही.

जूनच्या सुरुवातीला वाडीने ठकूबाईला डोक्यावर बोचके आणि हातात पिशवी घेऊन पायवाटेने खाली उतरताना पाहिले. रामाने पाहिले, भिकूने जीप पुसता पुसता पाहिले, भागोजींनी ओट्यावरून पाहिले. कुठे चाललीस, हे विचारणे म्हणजे बोलणे. आणि ठरावात सूट होती ती हाकेला, प्रश्नाला नव्हती.

प्रकल्पाच्या अहवालाचे शेवटचे पान असे आहे : “यंत्रणा कार्यान्वित. गावकऱ्यांचा सहभाग शंभर टक्के. सामाजिक अडथळे परस्पर सामंजस्याने दूर. प्रथम सूचनाकर्त्या : श्रीमती ठकूबाई उतेकर, संपूर्ण पावसाळा निवासी.”

ठकूबाई घराला कुलूप लावून नालासोपाऱ्याला लेकीकडे राहते.